काठावरचे गुण आणि विधी महाविद्यालयाची निवड

बारावीचा निकाल लागला की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे वकिली व्यवसायात आहेत त्यांच्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो. मुलाला बावन्न टक्के आहेत, सीईटीही बेताचीच गेली. आता वकिलीचा नाद सोडावा काय? विचारणाऱ्या पालकांनी उत्तर मनाशी बहुधा आधीच ठरविलेले असते, आपल्याकडून केवळ दुजोरा हवा असतो. तो दुजोरा देण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. वैद्यकीय शाखेत काठावरचा विद्यार्थी काठाबाहेरच राहतो. विधी शाखेची रचना तशी नाही. महाराष्ट्रात शंभराहून अधिक विधी महाविद्यालये आहेत आणि त्यांपैकी मूठभर नामांकित संस्था सोडल्या तर उरलेल्यांची दारे मध्यम गुणांच्या विद्यार्थ्याला बंद नाहीत. तेव्हा खरा प्रश्न कोठे अर्ज करावा आणि कोणत्या क्रमाने करावा, हा आहे. त्याचे उत्तर चुकले तर वर्ष वाया जाते किंवा घरातील गाठीला बांधलेले पैसे जातात. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम 'काठ' म्हणजे नेमके काय, ते पाहावे लागेल. कारण येथे दोन वेगळे काठ आहेत आणि लोक ते एकच समजतात. पहिला काठ पात्रतेचा. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीत, व तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीला, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण आवश्यक आहेत. दुसरा काठ गुणवत्तेचा. तो सामायिक प्रवेश परीक्षेतून ठरतो. महाराष्ट्रात २०१६ पासून विधी शाखेचे प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या परीक्षेवरून होतात. याचा अर्थ असा की बारावीचे गुण हे दाराबाहेरील पायरीसारखे आहेत. पायरी ओलांडली की एकोणपन्नास टक्केवाला आणि एकोणनव्वद टक्केवाला एकाच परीक्षेला बसतात आणि तेथील क्रमांकावरून मोजले जातात. बारावीत कमी गुण मिळाले म्हणून खचलेल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट कोणी वेळेवर सांगत नाही, आणि तो प्रवेश परीक्षेची तयारीच सोडून देतो.

आता या पहिल्या काठावरची एक अडचण. ती आपल्या समाजातील कुटुंबांना विशेषत्वाने भोवते, म्हणून येथे जरा थांबतो. समजा, एखाद्या मुलीला बारावीत ४२ टक्के आहेत आणि तिने अनुसूचित जाती प्रवर्गातून अर्ज केला आहे. ती पात्र आहे. परंतु ठरलेल्या मुदतीत तिने जात वैधता प्रमाणपत्र सादर केले नाही, तर तिचा अर्ज खुल्या प्रवर्गात वर्ग होतो. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात. म्हणजे तिची केवळ राखीव जागा गेली असे होत नाही. ती प्रवेशासच अपात्र ठरते. साठ टक्केवाल्याचे कागद अपुरे राहिले तर त्याचे महाविद्यालय बदलते. काठावरच्या विद्यार्थ्याचे मात्र वर्ष जाते.

आणि हे कागद चार दिवसांत होत नाहीत. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. १९५६ नंतर आपल्या अनेक घरांतील शाळेच्या दाखल्यांवर केवळ 'बौद्ध' अशी नोंद आहे, मूळ जातीचा उल्लेख नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतीही लागू झाल्या हे खरे, पण समितीपुढे वंशावळ आणि मूळ जात ही सिद्ध करावीच लागते. मग आजोबा-पणजोबांचा प्राथमिक शाळेतील प्रवेश निर्गम नोंदवहीचा उतारा, कोतवाल पुस्तकाची नक्कल, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी यांचा शोध सुरू होतो. एखाद्या तहसील कचेरीत ही दप्तरे जीर्ण झालेली असतात, एखाद्या गावात शाळाच दुसरीकडे गेलेली असते. हा शोध अकरावीत सुरू केला तर दीड वर्ष हाताशी असते; निकालानंतर सुरू केला तर दीड महिनाही नसतो. राज्याच्या कामासाठीचा जातीच्या दाखल्याचा नमुना आणि केंद्रीय संस्थांना लागणारा नमुना निराळा असतो, हेही ध्यानात ठेवावे व दोन्ही काढून ठेवावेत.

दुसऱ्या काठाकडे, म्हणजे परीक्षेतील क्रमांकाकडे वळू. ही परीक्षा मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत असते आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये, ही पहिली गोष्ट. निकालात पर्सेंटाइल दिले असेल तर ती टक्केवारी नव्हे. सत्तर पर्सेंटाइल म्हणजे शंभर परीक्षार्थींपैकी सुमारे सत्तर जण आपल्या मागे आणि तीस पुढे. वीस हजार जण बसले असतील तर आपल्यापुढे सहा हजार आहेत, एवढाच त्याचा अर्थ. 'सत्तर' पाहून पालक पेढे वाटतात किंवा 'पन्नास' पाहून निराश होतात; दोन्ही घाईचे. खरा उपयोग गुणवत्ता यादीतील क्रमांकाचा आहे, आणि तोही मागील वर्षांच्या कटऑफशी ताडून पाहिल्यावरच.

कटऑफची ही माहिती प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयनिहाय, प्रवर्गनिहाय व फेरीनिहाय प्रसिद्ध होत असते. ती वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात असे मी मुलांना सांगतो. आपल्याच प्रवर्गाचा आकडा पाहावा. वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा बहुधा खुल्या प्रवर्गाचा असतो आणि तो पाहून राखीव प्रवर्गातील कित्येक मुले ज्या महाविद्यालयात त्यांना सहज प्रवेश मिळाला असता त्याचे नावही लिहीत नाहीत. पहिल्या फेरीचा नव्हे, शेवटच्या फेरीचा आकडा पाहावा. आणि एका वर्षाचा न पाहता दोन-तीन वर्षांचा पाहावा, कारण परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी सारखी नसते.

एवढे झाले की यादी करावयाची. पसंतीक्रमाचा अर्ज, ज्याला मुले ऑप्शन फॉर्म म्हणतात, तो भरताना होणारा एक गैरसमज मुळातून काढला पाहिजे. 'वर मोठ्या महाविद्यालयाचे नाव घातले आणि ते मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाते' असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. जागावाटप गुणवत्ता क्रमांकाने होते. आपली पाळी आली की आपली यादी वरून खाली तपासली जाते आणि ज्या पहिल्या महाविद्यालयात आपल्या प्रवर्गाची जागा शिल्लक असेल ते मिळते. वरची पाच नावे हुकली म्हणून सहाव्या नावावरील आपला हक्क तसूभरही कमी होत नाही. तेव्हा यादीचा क्रम आपल्या खऱ्या आवडीचा असावा, शक्यतेच्या अंदाजाचा नसावा. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे आयएलएस ही नावे काठावरच्या मुलानेही अवश्य वर लिहावीत. लिहिण्याला शुल्क नाही. मात्र एक पथ्य पाळावे. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून 'सुरक्षित' म्हणून नको असलेले महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर कधीही घालू नये.

यादीचा वरचा भाग कोणीही भरू शकतो. काठावरच्या विद्यार्थ्याचे भवितव्य यादीच्या खालच्या भागात ठरते, आणि नेमका तोच भाग आपल्याकडे सायबर कॅफेत बसून, चालकाच्या सल्ल्याने, पाच मिनिटांत भरला जातो. ज्या महाविद्यालयात प्रवेश मिळण्याची सर्वाधिक शक्यता आहे त्याचे नाव आपण न पाहता लिहितो, आणि ज्याची शक्यता शंभरात दोन आहे त्याची माहितीपुस्तिका तोंडपाठ करतो. हे उलटे केले पाहिजे. यादीतील शेवटची चार-पाच महाविद्यालये पालकांनी आणि विद्यार्थ्याने प्रत्यक्ष जाऊन पाहावीत. एस. टी.चे भाडे आणि एक दिवस एवढाच खर्च आहे.

तेथे काय पाहावे? भारतीय विधिज्ञ परिषदेची मान्यता चालू वर्षासाठी आहे काय, हे प्रथम विचारावे. मान्यता नसलेल्या संस्थेची पदवी सनदेसाठी निरुपयोगी ठरते. त्यानंतर ग्रंथालयात जावे. इमारतीची रंगरंगोटी पाहू नये. ग्रंथालय किती वाजता बंद होते ते पाहावे, आणि टेबलांवर मुले बसलेली आहेत का तेही. पूर्णवेळ अध्यापक किती, आणि तासिकांवर येणारे किती, हे विद्यार्थ्यांना विचारले तर ते खरे सांगतात. अभिरूप न्यायालयाचा सराव, म्हणजे मूट कोर्ट, वर्षातून किती वेळा होतो? विधी साहाय्य केंद्र कागदावर आहे की तेथे खरोखर गावातील माणसे प्रश्न घेऊन येतात? आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिल्हा न्यायालय तेथून किती अंतरावर आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर माझे मत काहीसे आग्रही आहे, ते वाचकांनी माझे मत म्हणूनच घ्यावे. जिल्ह्याच्या ठिकाणचे, न्यायालयापासून पायी जाता येईल असे साधे महाविद्यालय हे शहराबाहेर तीस किलोमीटरवर उभारलेल्या चकचकीत संकुलापेक्षा काठावरच्या विद्यार्थ्यासाठी चांगले. आपल्याकडील बरीच विधी महाविद्यालये सकाळी भरतात. वर्ग संपल्यावर मूल न्यायालयात जाऊन बसू शकते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी एखाद्या वकिलाच्या हाताखाली फायली लावू शकते, साक्षीदाराची उलटतपासणी कशी होते ते डोळ्यांनी पाहू शकते. पदवीच्या वेळी त्याच्याजवळ जे शहाणपण असते ते गुणपत्रिकेत दिसत नाही, पण अशिलाला दिसते. सकाळच्या महाविद्यालयाला 'अर्धवेळ' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे आठवावे की बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा तेथील वर्ग सकाळी ठेवले, ते नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी. याच संस्थेचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ चे. अर्थात सकाळचे वर्ग म्हणजे गैरहजेरीचा परवाना नव्हे. नियमांनुसार प्रत्येक विषयात ७० टक्के उपस्थिती लागते, आणि 'हजेरीचे आम्ही पाहून घेऊ' असे सांगणाऱ्या संस्थेपासून दूर राहणे बरे.

महाविद्यालयाचे नाव मोठे नसले तर पुढे काय, ही धास्ती पालकांना असते. मोठ्या विधी कंपन्यांतील नोकऱ्यांच्या बाबतीत ती खरी आहे. त्या कंपन्या ठराविक संस्थांतूनच मुले निवडतात, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु सनद सर्वांना एकच मिळते. पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. कोणत्या महाविद्यालयाचा विद्यार्थी आहे हे त्या प्रश्नपत्रिकेला ठाऊक नसते. नोंदणी शुल्काबाबत जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कायद्यात ठरवून दिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, अधिक घेता येणार नाहीत. कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदाची परीक्षाही लोकसेवा आयोग सर्वांसाठी एकच घेतो. मात्र मे २०२५ च्या निकालाने त्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. ज्यांनी विद्यार्थिदशेतच न्यायालयाची पायरी ओळखीची केली, त्यांना ही तीन वर्षे जड जाणार नाहीत.

पैशांचा विचार यादीच्या शेवटी नव्हे, प्रारंभीच करावा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला, पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास, भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य होते. तिच्या अटी स्वतंत्र आहेत, त्या पाहून घ्याव्यात. इतर मागास, आर्थिक दुर्बल व सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास, २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. परंतु या सवलतींची किल्ली एकच : प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ही दारे बंद होतात. काठावरच्या मुलाचा पालक हळवा झालेला असतो. नेमक्या त्याच वेळी कोणीतरी मध्यस्थ भेटतो आणि 'एक लाख भरा, जागा पक्की' असे सांगतो. देणगी घेणे १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे तर झालेच. शिवाय त्या एका लाखाबरोबर पाच वर्षांची शिष्यवृत्तीही जाते, हा हिशेब तेथे कोणी मांडत नाही. ज्या महाविद्यालयाची तिसऱ्या फेरीत कॅपमधून जागा मिळण्यासारखी होती, त्याच महाविद्यालयात पहिल्या फेरीनंतर घाबरून व्यवस्थापन कोट्याचे पैसे भरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांविषयी थोडक्यात. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत व त्यांचे प्रवेश 'क्लॅट' या देशपातळीवरील परीक्षेतून होतात. ही परीक्षा केवळ इंग्रजीत असते, एकशे वीस प्रश्न दोन तासांत सोडवायचे असतात, उतारे लांब असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. मराठी माध्यमातील सामान्य तयारीच्या विद्यार्थ्याला ती कठीण जाते. तरीही अनुसूचित जाती प्रवर्ग आणि महाराष्ट्राचा अधिवास या दोन्ही बाबी असलेल्या मुलाने ती परीक्षा न देताच सोडू नये. कारण या तीन विद्यापीठांत राज्यातील रहिवाशांसाठी स्वतंत्र जागा आहेत आणि त्यांतील राखीव प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक खुल्या प्रवर्गाच्या क्रमांकाहून पुष्कळ खाली जातो. परीक्षा बहुधा डिसेंबरात होते, तेव्हा अर्ज बारावीच्या पहिल्या सत्रातच करावा लागतो. वर्षाचा खर्च काही लाखांच्या घरात असतो आणि समुपदेशन फेरीतही आगाऊ रक्कम भरावी लागते. त्याची तजवीज कशी होणार हे डिसेंबरपूर्वी घरात बोलून ठेवावे. खासगी व अभिमत विद्यापीठांच्या बाबतीत आपली शिष्यवृत्ती तेथे लागू होते काय, हे समाजकल्याण कार्यालयाकडून लेखी घेतल्याखेरीज पाऊल टाकू नये.

भाषेचा प्रश्न मात्र क्लॅटपुरता नाही. उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय यांचे कामकाज इंग्रजीत चालते, आणि कायद्याचे बरेचसे चांगले ग्रंथ इंग्रजीत आहेत. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, काही विद्यापीठांत उत्तरेही मराठीत लिहिता येतात. काठावरच्या विद्यार्थ्याने मराठीत लिहिण्याची मुभा असलेल्या विद्यापीठाला यादीत थोडे वरचे स्थान द्यावे, असे मला वाटते. पहिल्या दोन वर्षांत नापास होऊन मागे राहण्यापेक्षा मराठीत पाया पक्का करून इंग्रजी निकालपत्रे रोज दोन पाने वाचणे हा मार्ग अधिक खात्रीचा आहे.

राहता राहिला तो विद्यार्थी, ज्याला तिन्ही-चारही फेऱ्यांनंतर काहीच मिळाले नाही किंवा जे मिळाले ते पाहून घेण्यासारखे नव्हते. त्याने वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा द्यावी काय? वर्गातील पुढची मुले हे करू शकतात. काठावरच्या मुलाला, शिकवणीची सोय नसताना, रिकामे वर्ष बहुधा उपकारक ठरत नाही. पहिले तीन महिने अभ्यास होतो, नंतर घरचे काम आणि मित्र. त्याऐवजी जवळच्या महाविद्यालयात बी. ए.ला प्रवेश घ्यावा. विधी प्रवेशाच्या फेऱ्या पुष्कळदा लांबतात आणि तोवर कला शाखेचे प्रवेश संपलेले असतात, म्हणून हा प्रवेश फेऱ्या चालू असतानाच घेऊन ठेवावा. राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र यांपैकी विषय निवडावेत. पदवीला आपल्या प्रवर्गाच्या किमान टक्क्यांच्या बऱ्याच वर राहावे. आणि तिसऱ्या वर्षी तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी द्यावी. पाच वर्षांऐवजी सहा लागतात, एवढाच फरक. त्या प्रवेशाच्या वेळीही हीच यादी पुन्हा करावी लागेल, आणि तोपर्यंत जात वैधता प्रमाणपत्र हाती आलेले असेल, जर अर्ज आजच दाखल केला असेल तर.